युद्ध संपतं, कारखाना उरतो. मग पुढे?

गंजका खिळा

परवा घरातला मायक्रोवेव्ह बंद पडला. प्लेट फिरते, दिवा लागतो, घूंऽऽ आवाजही येतो पण आत ठेवलेलं पाणी थंडच्या थंड. दुरुस्तीवाल्याने फोनवरच "नवीन घ्या" म्हणून विषय संपवला, मग मीच स्क्रू काढले. (माहिती नसेल तर अजिबात हात लावू नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमधे माणूस मरेल एवढा चार्ज उरलेला असू शकतो.) आत मॅग्नेट्रॉन होता, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी बनवणारा भाग. मुठीपेक्षा जरा मोठा ठोकळा, बाहेरून गार ठेवायला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, वरखाली दोन काळी गोल चुंबकं आणि मधोमध तांब्याचं नळकांडं. नळकांडं शिकंज्यात धरून करवतीने कापलं. आत मधल्या पोकळीकडे तोंड करून तांब्याच्या पाकळ्या, दहा मोजल्या. इतकं सुबक की टाकवेना.

तर या वस्तूची पणजी फेब्रुवारी १९४० मधे बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी चालू केली. त्याआधी ब्रिटनच्या किनाऱ्यावरचं रडार मीटर-मीटर लांबीच्या लहरींवर चालायचं, त्याला टॉवरएवढे अँटेना, विमानात बसवायचं म्हणजे सर्कस. या तांब्याच्या ठोकळ्यातून दहा सेंटीमीटरच्या आसपासची लहर जोरात निघायला लागली आणि रडार विमानाच्या नाकात मावलं. ब्रिटनचे कारखाने आधीच गळ्यापर्यंत बुडालेले, म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमधे टिझार्ड मिशनवाले, म्हणजे ब्रिटनने पाठवलेलं शास्त्रज्ञांचं पथक, एक नमुना पेटीत घालून अमेरिकेला घेऊन गेले. तिथे रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरने डोकं लढवलं की भरीव तांबं कोरत बसण्यापेक्षा पातळ पत्रे छापून कापा, एकावर एक रचा आणि भट्टीत जोडा. दिवसाला २६०० पर्यंत नग निघायला लागले.

आणि मग १९४५ उजाडलं, युद्ध संपलं, ऑर्डरी बंद.

चालू मॅग्नेट्रॉनजवळ स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यावरून ओव्हन सुचला ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलीये. पण मला वाटतं चॉकलेट वितळलं नसतं तरी त्या कंपनीने मॅग्नेट्रॉनला काहीतरी धंदा शोधलाच असता, कारण बनवायची यंत्रं पडून, माणसं शिकलेली, आणि गिऱ्हाईक रातोरात गायब. माझं म्हणणं एवढंच आहे की युद्ध शोध लावत नाही, युद्ध म्हणजे किंमत न विचारणारं गिऱ्हाईक, आणि ते उठून गेल्यावर दुकानात जे उरतं ते आपल्या घरात येतं. पहिला ओव्हन १९४७ चा, माणसाएवढा उंच, ३४० किलो, गार ठेवायला पाण्याचा नळ जोडायचा. ओट्यावर मावणारा यायला १९६७ उजाडलं. म्हणजे वीस वर्षं ते दुकान गिऱ्हाईकच शोधत होतं.

अजून उदाहरणं असतील तर द्या. विरोधातली पण चालतील.

भोचक भवानी

ते सगळं ठीक पण मायक्रोवेव्ह दुरुस्त झाला का?

गंजका खिळा

भवानीताई, नळकांडं करवतीने कापलं म्हटलं ना.

जुनी वही

खिळेभाऊ, विरोधातलं नाही, तुमच्या बाजूचंच देते, आणि हे पुरुष मंडळी अशा याद्यांमधे हमखास विसरतात. सॅनिटरी पॅड.

पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा होता. किम्बर्ली-क्लार्क ही कागदवाली कंपनी, त्यांच्याकडे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सेल्युकॉटन नावाचं मऊ पॅडिंग होतं, कापसापेक्षा कितीतरी जास्त ओल शोषणारं आणि स्वस्त. ते जखमांवर बांधायला सैन्याकडे जायला लागलं. छावणीतल्या इस्पितळातल्या नर्सेसनी काय केलं असेल ते सांगायला नको, तेच पॅडिंग पाळीसाठी वापरायला सुरुवात केली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, प्रयोगशाळेतून अहवाल आला नव्हता. १९१८ मधे युद्धबंदी झाली आणि मालाचे ढीग उरले. १९२० मधे त्याचंच कोटेक्स म्हणून बाजारात आलं.

पण खपेना. का, तर बाईने दुकानातल्या पुरुषाला तोंडाने सांगायचं कसं! मग काउंटरवर पुडकी आणि शेजारी पैसे टाकायची पेटी ठेवायची युक्ती निघाली, न बोलता पैसे टाका, पुडकं उचला, चालू पडा. म्हणजे माल युद्धाने दिला पण तो घरापर्यंत पोचवायला एक पेटी लागली. तुमच्या वीस वर्षांच्या ओव्हनसारखंच.

आडवा तिडवा

नेहमीप्रमाणे मी आडवा येतो.

"युद्ध शोध लावत नाही" इथपर्यंत मान्य. पण "उरलेला माल घरात येतो" हे फार गोड चित्र झालं. पेनिसिलिन घ्या. फ्लेमिंगला जंतू मारणारी बुरशी दिसली १९२८ ला, युद्धाच्या अकरा वर्षं आधी, आणि मग जवळजवळ दशकभर ते प्रकरण पडून. ऑक्सफर्डमधे फ्लोरी, चेन, हीटली यांनी ते उचललं. २५ मे १९४० ला आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. पहाटेपर्यंत बिनऔषधाचे चारही खलास, औषधवाले जिवंत. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात म्हणून इस्पितळातली बेडपॅन वापरली. फेब्रुवारी १९४१ ला पहिला खरा पेशंट, अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस, तोंडावर डोक्यावर गळवं झालेली, इंजेक्शनं सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत सुधारला. औषध इतकं कमी की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचत होते. तरी संपलं. मार्चमधे तो गेला.

आणि तीन वर्षांनी, जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा जखमींना पुरेल एवढा साठा तयार. मार्च १९४५ ला अमेरिकेत साध्या औषधाच्या दुकानात मिळायला लागलं, युद्ध चालू असतानाच. इथे कुठला कारखाना रिकामा झाला आणि धंदा शोधत बसला? सांगा खिळेबुवा.

गंजका खिळा

आडवेतिडवे राव, उदाहरण माझ्या अंगावर फेकलंत पण ते माझ्याच खिशात पडलं.

बेडपॅनपासून नॉर्मंडीपर्यंत कसं पोचले ते बघा. हीटली आणि फ्लोरी १९४१ मधे अमेरिकेला गेले, तिथे पिओरिया गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत काम सुरू झालं. ती प्रयोगशाळा औषधांची नव्हतीच. शेतात जास्त पिकलेल्या मालाचं करायचं काय हे शोधायला काढलेली. मक्यातून स्टार्च काढताना एक घट्ट चिकट पाणी उरतं ते त्यांच्याकडे पिंपंच्या पिंपं पडलेलं, ते बुरशीला खायला घातलं आणि पेनिसिलिनचं उत्पन्न कितीतरी पटींनी वाढलं. पुढे जास्त जोमदार बुरशी सापडली ती तिथल्याच बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर. आणि फायझरकडे मोठ्या टाक्यांत सायट्रिक अ‍ॅसिड आंबवायचा अनुभव होता, तोच टाकीवाला मार्ग त्यांनी बुरशीला लावला. म्हणजे शांततेतली उरलीसुरली वस्तू युद्धाला कामी आली. दिशा उलटी, हे कबूल.

पण मधल्या त्या तीन वर्षांचं बिल कोण भरणार होतं? दहा वर्षं कुणी भरलं नव्हतं.

बोटीवरचा

उशिरा आलो, नेट मिळत नव्हतं. मी मालवाहू जहाजावर आहे त्यामुळे माझं उदाहरण रोज पायाखाली असतं. कंटेनर.

पेटीच्या आठही कोपऱ्यांवर भोकं असलेले लोखंडी ठोकळे असतात. एकावर एक पेट्या रचताना त्या भोकांत ट्विस्टलॉक बसतो, तो फिरला की पेटी खालच्या पेटीला घट्ट धरते, नाही फिरला तर पुढच्या वादळात पेटी समुद्रात. बंदर सोडायच्या आधी टॉर्च घेऊन ओळीने बघत फिरायचं, हँडल कुठल्या बाजूला आहे, हाताने हलवून बघायचं, हे आमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम.

माल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला, त्याने १९५६ मधे आयडियल एक्स या जहाजावर ५८ पेट्या चढवून सुरुवात केली. युद्धाशी संबंध शून्य. पण दहा वर्षं झाली तरी धंदा मुख्यतः अमेरिकेच्या आसपासच. मग व्हिएतनाम. १९६५ पासून तिथल्या बंदरांत जहाजांची रांग, माल उतरायला खोल पाण्याचे धक्के पुरेसे नाहीत, उतरला तर ठेवायला जागा नाही, पाहिजे ती वस्तू ढिगाच्या तळाशी. सैन्य मेटाकुटीला आलं आणि १९६७ मधे मॅक्लीनच्या सी-लँडला कंत्राट मिळालं, तिथल्या कॅम रान्ह बे बंदरात क्रेन लागल्या, गाडी सुरळीत.

आता इथे खरी मेख आहे. सैन्याचा माल जायचा एकाच दिशेने. युद्धभूमीवरून परत काय आणणार? बोटी रिकाम्या यायच्या, पण जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं सैन्याने आधीच भरलेलं. मॅक्लीनने डोकं चालवलं, परतीच्या वाटेवर जपानला थांबा, तिथे रेडिओ टीव्ही बनवणारे कारखाने माल पाठवायला टपलेले. १९६८ पासून ते सुरू झालं. परतीची खेप जवळजवळ फुकट पडायची, मग भाडं वाटेल तेवढं कमी लावता येतंय. पॅसिफिक ओलांडून स्वस्त माल जायची वाट अशी पडली.

खिळेसाहेब, तुमचा कारखाना उरतो तशी आमची परतीची रिकामी बोट.

काठावरचा पास

बोटीवरच्या, जबरी प्रतिसाद. "परतीची रिकामी बोट" हे धाग्याचं शीर्षक पाहिजे होतं. वाचनखूण साठवली.

बिनतारी

मग इंटरनेट आणि जीपीएसचं काय करायचं? दोन्ही सैन्याचीच ना. इंटरनेट तर अणुबॉम्ब पडला तरी चालू राहावं म्हणून बनवलं.

आडवा तिडवा

हे अणुबॉम्बवालं अर्धवट आहे हो, सगळीकडे छापलेलं असतं. अणुहल्ल्यातही टिकेल असं जाळं कसं असावं यावर पॉल बॅरन रँड संस्थेत १९६० च्या सुमारास काम करत होता हे खरं. पण अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचा पूर्वज, उभं राहिलं ते वेगळ्या कारणाने, वेगवेगळ्या विद्यापीठांतले महागडे कॉम्प्युटर एकमेकांना वापरता यावेत म्हणून. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला "लॉगिन" टाईप करायला घेतलं, पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं मशीन कोसळलं. अणुयुद्धात टिकणारं जाळं म्हणे.

पैसा मात्र संरक्षण खात्याचा, त्यात वाद नाही.

जीपीएस मात्र तुमच्या "उरलेला माल" वाल्या थिअरीला खरंच छेद देतं. १९७३ ला सुरू, १९७८ ला पहिला उपग्रह. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, ते पाडलं, २६९ माणसं गेली, त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं की यंत्रणा पूर्ण झाली की सगळ्यांना फुकट वापरू देऊ. दिली, पण मुद्दाम बिघडवून. सामान्य माणसाच्या सिग्नलमधे चूक मिसळायचे, शंभर मीटर इकडेतिकडे. मे २००० मधे ते बंद केलं आणि एका रात्रीत सगळ्यांचे रिसीव्हर सुधारले, कुणी काही नवीन विकत न घेता. इथे काहीच उरलं नाही, युद्धाचं यंत्र अजून पूर्ण जोरात चालू आहे, आपण फक्त खिडकीतून डोकावतोय. नळ त्यांच्या हातात. बाकीच्या देशांनी स्वतःचे उपग्रह उगीच नाही सोडले.

गंजका खिळा

हे पटलं. जीपीएसला माझ्याकडे उत्तर नाही. उपग्रह आकाशात असेपर्यंत तो माल उरलेला म्हणता येत नाही.

पण याच्या जवळचंच एक मला जास्त खुपतं ते म्हणजे अणुभट्टी. अमेरिकेच्या नौदलाला पाणबुडीत मावेल अशी भट्टी पाहिजे होती, रिकोव्हर नावाच्या हट्टी अधिकाऱ्याने दाबाखालच्या पाण्याची भट्टी निवडली, नॉटिलस पाणबुडी जानेवारी १९५५ ला त्यावर निघाली. मग वीज बनवायचं ठरलं तेव्हा तयार अनुभव होता तो याच प्रकाराचा, १९५७ चं शिपिंगपोर्टचं वीजकेंद्र त्याच घराण्यातलं, तेही रिकोव्हरच्याच लोकांनी उभारलं. आज जगातल्या दोनतृतीयांशाच्या आसपास भट्ट्या त्याच जातीच्या आहेत. आता पाणबुडीला लागतं आटोपशीर आणि जमिनीवर जागाच जागा. दुसरे प्रकार चांगले ठरले असते की नाही कोण जाणे, पण त्यांना तेवढा पैसा आणि वेळ मिळालाच नाही. गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्याच्या मापाचे कपडे आपण घालतोय.

भोचक भवानी

मापाचे कपडे वरून आठवलं. पत्र्याचा डबा १८१० च्या सुमाराचा, नेपोलियनच्या काळातला, पेटंट घेतलं ब्रिटनमधे पीटर ड्युरँडने, आणि डबा उघडायचं हत्यार आलं १८५० नंतर!! चाळीस वर्षं लोकं छिन्नी हातोडीने डबे फोडत होती. बनवणाऱ्यांच्या डोक्यात गिऱ्हाईक म्हणजे आरमार आणि सैन्य, त्यांच्याकडे संगिनी होत्याच, मग कशाला कोण विचार करतंय घरच्या बाईचा.

जुनी वही

भवानी 😂 हे खिळेभाऊंच्या ओव्हनच्या नळाइतकंच भारी आहे.

सलाईनची बाटली

मी अपघात विभागात काम करते. तुम्ही सगळे वस्तूंबद्दल बोलताय, मला एका सवयीबद्दल सांगायचंय.

मी शिकत होते तेव्हा टुर्निके, म्हणजे हातापायाला करकचून पट्टा आवळून रक्त थांबवणं, हे जवळजवळ पाप होतं. शेवटचा उपाय, पाय जाईल, आधी दाबून धरा, उंच करा वगैरे. परीक्षेत पहिला उपाय म्हणून लिहिलंत तर मार्क गेले. मग इराक आणि अफगाणिस्तान. तिथे माणसं मरत होती ती बरीचशी हातापायातून रक्त जाऊन, हॉस्पिटलला पोचायच्या आधी. प्रत्येक सैनिकाच्या खिशात पट्टा दिला, एका हाताने स्वतःला बांधता येईल असा. बगदादच्या सैनिकी इस्पितळात नोंदी ठेवल्या तर दिसलं की माणूस रक्त जाऊन ढासळायच्या आधी पट्टा लागला तर तो वाचतो, आणि पट्ट्यामुळे पाय गेला असं क्वचितच होतं. जुनी भीती बऱ्याच अंशी पट्टा तासन् तास तसाच राहून गेलेल्या जमान्यातली होती.

आता आमच्या ट्रॉलीत वरच्याच कप्प्यात असतो. काळा पट्टा, वेल्क्रो, आणि मधे बोटाएवढी दांडी. पट्टा ओढून घ्यायचा, दांडी फिरवत राहायची, रक्त थांबलं की दांडी खाचेत अडकवायची आणि वरच्या पांढऱ्या पट्टीवर वेळ लिहायची. पेन शोधण्यात वेळ जातो म्हणून आम्ही मार्कर ट्रॉलीला दोरीने बांधून ठेवलाय. पहिल्यांदा बांधताना पेशंट ओरडतो, कारण बरोबर बांधला तर दुखतोच, आणि नवीन पोरं घाबरून ढिला करतात. ढिला पट्टा सगळ्यात वाईट, रक्त शिरत राहतं आणि परत जात नाही.

२०१५ पासून अमेरिकेत हेच सामान्य लोकांना शिकवायची मोहीम सुरू झालीये. इथे कुठला कारखाना उरला नाही, नोंदवही उरली. पण त्या नोंदीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी होतं, हे विसरून चर्चा करायला मला जमत नाही.

आडवा तिडवा

बाटलीताई, नमस्कार. मी आडवा येत नाही.

फक्त त्यालाच जोडून एक. चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटची वंशावळ सांगताना लोकं हिटलरच्या जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटपासून सुरू करतात आणि ते बनवणाऱ्या इंजिनिअर फॉन ब्राउनवर येऊन थांबतात. व्ही-२ बनायचं मिटेलबाऊ-डोरा छावणीत, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांत, कैद्यांकडून. ती रॉकेटं पडून जेवढी माणसं मेली त्याहून जास्त ती बनवताना मेली. "युद्धाने दिलं" म्हणताना हा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?

काठावरचा पास

उलटं पण लिहा कुणीतरी, युद्धाने अडवलेलं. कोलोसस! १९४४ पर्यंत ब्रिटनमधे जर्मन संदेश फोडायला व्हॉल्व्हवर चालणारं मशीन तयार, टॉमी फ्लॉवर्स या पोस्टखात्यातल्या इंजिनिअरने बांधलेलं. युद्ध संपल्यावर बहुतेक मशीनं मोडून टाकली, कागद जाळले, आणि १९७० च्या दशकापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. फ्लॉवर्सला स्वतःच्या कामाबद्दल तीस वर्षं बोलता आलं नाही आणि तोवर सगळी पुस्तकं १९४६ ला लोकांसमोर आलेल्या अमेरिकन एनियाकला पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर म्हणून मोकळी झालेली.

गंजका खिळा

पास, हे खरंच सुटलं होतं माझ्याकडून. इथे कारखाना उरला असता तर चाललं असतं, त्यांनी उरूच दिला नाही. मूळ पोस्टमधे दुरुस्ती करायला पाहिजे, पण संपादनाची मुदत संपली, इथेच वाचा.

आणि बाटलीताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझं ते "दुकान" आणि "गिऱ्हाईक" मलाच जरा उथळ वाटायला लागलंय. राहू दे तसंच, लिहिलंय ते लिहिलंय.

बोटीवरचा

खिळेसाहेब, कापलेल्या मॅग्नेट्रॉनचं काय केलंत? तो वरचा चिनीमातीसारखा भाग फोडू नका, काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर वाईट.

गंजका खिळा

तो भाग आख्खाच ठेवलाय, पिशवीत बांधून. तांब्याच्या पाकळ्या टेबलावर आहेत. आणि ती दोन चुंबकं भिंतीवरच्या फळीला खालून चिकटवली, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर लटकवायला. सगळ्यात जड पाना पण धरतात.

भोचक भवानी

आणि नवीन मायक्रोवेव्ह?

गंजका खिळा

उद्या येतोय.